फळ्याच्या कोपऱ्यात

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर बाकीचे सगळे सहल आणि गॅदरिंगवर लिहिणार हे नक्की, म्हणून मी बारावीतला गणिताचा एक तास लिहितोय, कंटाळा आला तर सरळ पान उलटा.

फळ्यावर गणित होतं, ई चा २एक्स घात गुणिले कॉस ३एक्स, इंटिग्रेट करा. आम्ही सगळे बाय पार्ट्सला, म्हणजे गुणाकार तुकड्यातुकड्याने इंटिग्रेट करायच्या पद्धतीला, भिडलो, ते दोनदा केलं की मूळ इंटिग्रल परत समोर येतं, मग ते डावीकडे न्यायचं आणि तिथेच कुठेतरी वजाचं अधिक होतं. माझी तीन वेळा तीन उत्तरं आली. सर म्हणाले, अरे कॉस एकटा कशाला बोलावता, साइनला पण घेऊन या. ऑयलरचं सूत्र, ई चा आय थीटा घात म्हणजे कॉस थीटा अधिक आय साइन थीटा, आय म्हणजे वजा एकचं वर्गमूळ. मग घातात २+३आय गुणिले एक्स, आय ला साधा स्थिरांक समजायचं, इंटिग्रेशन एका ओळीत, नुसतं २+३आय ने भागायचं. वर-खाली २−३आय ने गुणलं, छेदात ४ अधिक ९ म्हणजे १३, रिअल पार्ट, म्हणजे आय नसलेला भाग, उचलला की ई चा २एक्स घात गुणिले २कॉस३एक्स अधिक ३साइन३एक्स, भागिले १३. खलास! मी बघतच राहिलो.

पुढे एमएस्सीला वेक्टर आले, तेही सोपेच निघाले. ई चा वजा आर वर्ग घात सगळ्या अवकाशभर इंटिग्रेट करायचा, आर म्हणजे मूळबिंदूपासूनचं अंतर, आर वर्ग म्हणजे एक्स, वाय, झेड या तिघांच्या वर्गांची बेरीज, घातातली बेरीज खाली गुणाकार होऊन सुटते, प्रत्येक दिशेचा रूट पाय, तिन्ही मिळून पायचा दीड घात. मी हवेत.

मग घातात वजा एक्स वर्ग अधिक आय के एक्स आलं, लिमिट्स वजा अनंत ते अनंत. वर्ग पूर्ण केला, एक्स वजा आय के भागिले २ ला यू म्हटलं, लिमिट्स होत्या तशाच ठेवल्या, रूट पाय गुणिले ई चा वजा के वर्ग भागिले ४ घात. उत्तर बरोबर, मार्क कापले. मॅडमनी विचारलं, रेषा रिअल अक्षावरून खाली सरकवलीस, कुणाला विचारून? मग कोशीचं प्रमेय, आत फंक्शन कुठे बिघडत नसेल तर बंद वाटेवरचं इंटिग्रल शून्य; इथे दोन रेषांच्या मधे ते कुठे बिघडत नाही, टोकाच्या उभ्या बाजू शून्याकडे जातात, म्हणून चालतं.

त्या रात्री बारावीची वही काढली. माझ्या वहीत नव्हतं, शेजारी बसणाऱ्याच्या वहीचे झेरॉक्स होते त्यात होतं, सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं: एक्स रिअल आहे, हे विसरू नका.