काल, कापल आणि अश्व

रविवार, रात्र

आज दिवसभर एकाच शब्दात गुंतून पडलोय आणि सुटावंसं वाटत नाही. आरोमेनियन भाषेत (आर्मेनियन नव्हे) 'काल' म्हणजे घोडा. रुमानियनची ही बहीणभाषा उत्तर ग्रीसच्या पिंडस डोंगरात, अल्बानियात, उत्तर मॅसिडोनियात बोलतात. बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळ नाहीतर तांडे घेऊन माल वाहणारे. उन्हाळ्यात कळप घेऊन समारिनासारख्या उंचावरच्या गावी जायचं, थंडीत थेसलीच्या मैदानात उतरायचं. घोड्यावाचून त्यांचं पानही हललं नसेल.

हा 'काल' लॅटिन 'काबाल्लुस'वरून आला. रोममध्ये उमदा घोडा तो 'एक्वुस'. काबाल्लुस म्हणजे ओझ्याचं तट्टू. पुढे तट्टूनेच घोड्याची जागा घेतली. स्पॅनिशमध्ये काबायो, इटालियनमध्ये काव्हाल्लो आणि पार पश्चिमेच्या टोकाला आयरिशमध्ये 'कापल'. आयरिशने तो लॅटिनकडून घेतला की दोघींनी तिसऱ्याच कुणाकडून, यावर विद्वानांचं एकमत नाही.

मग एक्वुस कुठे गेला? त्याची मादी 'एक्वा' आरोमेनियनमध्ये 'यापा' होऊन टिकली. लॅटिन 'क्व'चा तिथे 'प' होतो. पाण्याच्या 'आक्वा'चंही 'आपा' झालंय. म्हणजे घोड्याला नवा शब्द, घोडीला जुना. आणि स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये नेमकं उलट! तिथे घोडा 'एख', म्हणजे एक्वुसचा चुलतभाऊ, आणि 'कापल' बहुधा घोडी. हे जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आपला अश्वही एक्वुसच्याच कुळातला. टांग्याला घोडा, वरातीला घोडा, पण वारीच्या रिंगणात धावतो तो माउलींचा अश्व. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. तिथे 'घोडा' म्हणायला जीभच वळत नाही. आयर्लंडातही रोजच्या बोलण्यात कापल. 'एख' उरला जुन्या कथांत आणि 'योही'सारख्या राजांच्या नावांत.

स्कॉटलंडच्या पाइनच्या जंगलात टर्कीएवढा एक रानकोंबडा असतो. त्याच्या गेलिक नावाचा अर्थ 'रानातला घोडा' असा लावतात. कापल तिथेही आहेच. हा पक्षी तिथून नामशेष झाला होता, १८३७ मध्ये स्वीडनहून पुन्हा आणून सोडला. विणीच्या दिवसांत नर टकटक करत मध्येच बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज काढतो म्हणे. उद्या त्याचं ध्वनिमुद्रण शोधून ऐकणार आहे.