फोटो खरा आहे का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी चढलं की फोटो फिरायला लागतात. पाण्यातून वर आलेली काळी मान, ओळीने तीन उंचवटे, नाहीतर लांबच लांब पाठ. खाली लिहिलेलं असतं, ‘धरणात काय आहे बघा’. मग तो फोटो माझ्याकडे येतो आणि सोबत एकच प्रश्न येतो: खरा का खोटा, एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही म्हटलं की मी टाळतोय असं वाटतं. काहींचा समज तर असा, की मला सगळंच खोटं ठरवायची हौस आहे. तसं अजिबात नाही. तळ्यात खरोखर काही अनोळखी निघालं तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच होईल. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. फोटोत कुणी फेरफार केलाय का, हा एक. फोटोत जे दिसतंय ते तुम्ही म्हणता तेच आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुष्कळदा ‘फेरफार नाही’ असंच निघतं. आणि ते निघालं की लोक दुसऱ्याचंही उत्तर मिळालं असं धरून चालतात. सगळा घोटाळा इथे होतो, आणि तो कसा होतो हे लॉख नेसच्या ‘सर्जन’च्या फोटोइतकं दुसरं काहीच दाखवत नाही. लॉख नेस म्हणजे स्कॉटलंडमधलं तळं, ज्यात अजस्र प्राणी असल्याची वदंता आहे. त्यामुळे त्यावर जरा थांबावं लागेल.

लांब मान आणि लहान डोकं असलेला तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. २१ एप्रिल १९३४ ला तो लंडनच्या ‘डेली मेल’मध्ये छापून आला. काढणारे म्हणून नाव होतं रॉबर्ट केनेथ विल्सन, लंडनमधले प्रतिष्ठित डॉक्टर. डॉक्टर कशाला खोटं बोलेल, या एका आधारावर तो साठ वर्षं टिकला. त्या साठ वर्षांत काचेवर (त्या फोटोच्या निगेटिव्ह काचेच्या होत्या) काही खरडलंय का, दोन चित्रं जोडलीत का, हे अनेकांनी तपासलं. जोड सापडला नाही. सापडणार कसा? जोड नव्हताच. कॅमेऱ्यासमोर पाण्यात खरोखर काहीतरी होतं आणि त्याचा सरळ साधा फोटो काढलेला होता.

ते ‘काहीतरी’ म्हणजे पत्र्याची खेळण्यातली पाणबुडी. तिच्यावर प्लॅस्टिक वुड नावाच्या, सुतार भेगा बुजवायला वापरतात त्या पुट्टीसारख्या लगद्याची मान आणि डोकं बसवलेलं, पाण्यावर जेमतेम फूटभर. ते घडवलं ख्रिश्चन स्पर्लिंगने. त्याचे सावत्र वडील मार्माड्यूक वेदरेल हे शिकारी. डिसेंबर १९३३ मध्ये याच वर्तमानपत्राने त्यांना प्राण्याच्या शोधासाठी पाठवलं होतं. त्यांना काठावर पावलांचे ठसे ‘सापडले’, संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी ते पाणघोड्याच्या वाळवलेल्या पायाचे असल्याचं सांगितलं, आणि वेदरेल यांची जाहीर नाचक्की झाली. फोटो हा त्याचा सूड होता. फोटो वेदरेल यांच्या मुलाने काढले, काचा मध्यस्थामार्फत विल्सन यांच्याकडे गेल्या, आणि विल्सन यांनी त्या आपल्या म्हणून धुवायला दिल्या. मुलाने १९७५ मध्येच हे एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. स्पर्लिंगचा कबुलीजबाब १९९४ मध्ये छापून आला, तोवर तो वारलाही होता.

आता या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा भाग. वर्तमानपत्राने फोटो कापून छापला. पूर्ण चौकटीत ती वस्तू बारीकशी दिसते, भोवती भरपूर पाणी आणि त्यावर बारीक तरंग. कापल्यावर पाणी गेलं, वस्तू मोठी झाली, आणि तेच तरंग लाटांसारखे वाटायला लागले. एका रेषेचीही खाडाखोड न करता फूटभर वस्तूचा अजस्र प्राणी झाला. म्हणून कापलेला फोटो आला की मी पूर्ण चौकट मागतो. ‘बाजूला नुसतं पाणीच आहे’ असं उत्तर येतं. अहो, तेच पाणी हवंय मला!

आणि ज्या पद्धतीवर माझी भिस्त असते, तिचीही अवस्था याच प्रकरणात दिसते. १९८७ मध्ये पॉल लेब्लाँ आणि एका सहकाऱ्याने पूर्ण चौकटीतल्या लाटांवरून मानेची उंची काढली. पद्धत बरोबर होती, माणूस समुद्रविज्ञानातला जाणकार. उत्तर आलं १.२ मीटर. खेळण्याची हकीकत खरी धरली तर जवळपास चौपट. कारण स्थिर फोटोतल्या लाटेची लांबी वाऱ्याच्या अंदाजावरून धरावी लागते. अंदाज हलला की सगळं हलतं. कुणी असंही म्हणेल की कबुलीजबाब हीसुद्धा साक्षच झाली, ती पाणबुडी कुठाय? हकीकत अशी, की कुणीतरी येतंय हे ऐकून वेदरेल यांनी ती पायाने दाबून बुडवली. म्हणजे वस्तू हातात नाही. मला कबुलीजबाब पटतो, पण आक्षेप घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

व्हिडिओ असेल तर मात्र वाऱ्याचा अंदाज लागत नाही. खोल पाण्यात लाटेची लांबी तिच्या वेळेवर ठरते: एका ठिकाणी एक शिखर येऊन दुसरं यायला लागणारे सेकंद मोजा, त्यांचा वर्ग करा, १.५६ ने गुणा, लांबी मीटरमध्ये येते. ०.८ सेकंद लागले तर लाट एक मीटरची. वस्तू त्या लाटेशेजारी ठेवून बघा. अर्धा मिनिट कॅमेरा न हलवता केलेलं चित्रीकरण मला दहा स्थिर फोटोंपेक्षा जास्त सांगतं. पण लोक व्हिडिओ करतात आणि त्यातही झूम मागेपुढे करत राहतात.

फोटोच असेल तर सगळं अंतरावर येऊन थांबतं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो आणि लेन्स २६ मिलिमीटरच्या तोडीची. ४००० ला २६ ने गुणून ३६ ने (जुन्या फिल्मच्या चौकटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये) भागा, अंदाजे २९०० येतात. वस्तूचं अंतर मीटरमध्ये घेऊन २९०० ने भागलं की एका पिक्सेलमागे किती मीटर ते कळतं. ५०० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे १७ सेंटिमीटर, १०० मीटरवर साडेतीन. फोटोत १२ पिक्सेल लांब दिसणारी काळी रेघ ५०० मीटरवर असेल तर दोन मीटरचा प्राणी, १०० मीटरवर असेल तर पाणकावळा. फोटो तोच, रेघ तीच.

मग अंतर कळणार कसं? कॅमेऱ्याच्या समपातळीपासून वस्तू किती खाली दिसते त्यावरून. पण तुम्ही काठावर उभे असाल आणि कॅमेरा पाण्यापासून १.६ मीटर उंच असेल, तर ५०० मीटरवरची वस्तू फक्त ०.१८ अंश खाली दिसते आणि १००० मीटरवरची ०.०९ अंश. एवढा फरक लाटांच्या उंचसखलपणात बुडून जातो. धरणाच्या भिंतीवरून, समजा पाण्यापासून १० मीटर उंचीवरून काढला असेल, तर तेच आकडे १.१५ आणि ०.५७ होतात, आणि मग काहीतरी हाती लागतं. म्हणून मी पहिल्यांदा विचारतो, ‘कुठं उभे होतात?’ हे चौकशीखोरपणाने विचारत नाही. आणखी एक गोष्ट: काठावरून १.६ मीटर उंचीवर क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं. नाथसागर ऐन रुंदीला त्याच्या कित्येक पट आहे. समोरचा काठ पाण्याखाली झाकला जातो आणि मोकळ्या पाण्याची रेघ दिसते. पलीकडची झाडं तेवढी वर डोकावतात. ती कसली, हे उन्हाळ्यात तर मुळीच सांगता येत नाही. थंड पाण्यावर तापलेली हवा बसली की किरण वाकतात आणि बुटक्या वस्तू उभ्या ताणल्या जातात. कॅनडातल्या वाल्डेमार लेन यांनी १९७९ मध्ये ‘सायन्स’मध्ये तळ्यातल्या प्राण्यांच्या संदर्भात हेच मांडलं होतं. हिवाळ्यात सकाळी उलट होतं, पाणी हवेपेक्षा गरम असतं, वस्तूचा तळ नाहीसा होतो आणि ती पाण्यावर अधांतरी दिसते.

आता आपल्याकडच्या वस्तू. तिरंदाज पक्षी पोहताना अंग पाण्याखाली आणि मान तेवढी वर ठेवतो. मानेचे निम्मे फोटो त्याचे. विरोळा पोहतो तेव्हा मागे कोनासारखी रेघ सोडतो. ओळीने उंचवटे म्हणाल तर जाळ्याला तरंगायला बांधलेल्या रिकाम्या बाटल्या. जाळं ओढलं की एकेक करून बुडतात, वर येतात. सगळ्यांत फसवा म्हणजे शेतकऱ्यांनी तराफ्यावरच्या मोटारीला जोडलेला काळा पाइप. त्याचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. मोटार बंद झाली आणि आत जागोजागी हवा अडकली की तेवढेच भाग वर येतात. लांबून पाहाल तर सळसळत जाणारं काळं जनावर. गाळपेऱ्याच्या दिवसांत पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात, तीही फसवतात. लॉख नेसमध्येही हेच घडलं: १९७५ मध्ये पाण्याखाली टिपलेलं शिंगाळं ‘डोकं’ गाजलं, आणि १९८७ च्या शोधमोहिमेत तशाच आकाराचं झाडाचं खोड तळाशी सापडलं.

फाइलचं थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि वेळ, लेन्स, जागा ही आतली माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट नको. कुठल्याशा वेबसाइटवर टाकून रंगीत ठिपके दाखवणारी ‘तपासणी’ पाठवू नका. चार वेळा दाबलेल्या फोटोत ते ठिपके सगळीकडेच उमटतात. दहापट झूम केला असेल तर खवले आणि सुरकुत्या यांवर विश्वास ठेवू नका, त्या मोबाइलने स्वतः भरलेल्या असतात. आणि आधीचा, नंतरचा फोटो पाठवा, खराब आला असला तरी. पूर्वी मी मूळ फाइल मिळाली की निम्मं काम झालं असं म्हणायचो. आता मी शेजारचे फोटो आधी मागतो. मूळ फाइल पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, शेजारचे फोटो दुसऱ्याचं. ‘सर्जन’चा दुसरा फोटोही होता. त्यात तीच वस्तू वेगळ्या ठेवणीत, पुसट दिसते, आणि पहिल्याच्या प्रसिद्धीत त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

तरीही तुम्ही म्हणाल, मग नाथसागरात काही नाहीच का? धरण १९७६ चं. त्याआधी तिथे शेतं होती, गावं होती, मधून गोदावरी वाहत होती. हजारो वर्षांपासून लपून राहिलेला प्राणी तिथे असू शकत नाही, हे मी फोटो न बघताही सांगतो. गोदावरीतून येऊ शकेल असं जे काही आहे, ते येऊ शकतं. आणि मगरीचा संशय असेल तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका. आधी वनखात्याला आणि काठावरच्या मच्छीमारांना सांगा, फोटोचं नंतर बघू.

लॉख नेसमध्ये २०१८ साली नील जेमेल यांच्या चमूने पाण्याचे सुमारे २५० नमुने घेऊन त्यांतला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा माग लागला नाही, ईल माशाचा मात्र भरपूर लागला. मला हे पटतं. पण त्याने एखाद्या विशिष्ट फोटोत काय आहे ते ठरत नाही, आणि तुम्ही विचारता ते फोटोबद्दल.

सँड्रा मॅन्सी यांच्या फोटोचं काय करायचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. १९७७ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या लेक शॅम्प्लेन या तळ्यावर काढलेला, पाण्यातून प्राण्यासारखं काहीतरी वर आलेलं दिसतं असा. फोटो तपासणाऱ्या तज्ज्ञाला फेरफाराची खूण सापडली नाही. निगेटिव्ह हरवलेली, नेमकी जागा बाईंना आठवत नव्हती. लाटांवरून काढलेल्या आकारांत कित्येक पटींचा फरक येतो. तरंगणारं खोड, असं म्हणणाऱ्यांकडे माझा कल आहे, पण सिद्ध करून दाखव म्हणालात तर जागेशिवाय ते होणार नाही. असा फोटो ‘खोटा’ म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि ‘खरा’ म्हटलं की तुम्ही दुसऱ्याच दिवशी तो प्राणी म्हणून फिरवणार.

तुमच्या फोटोचं तसं होऊ द्यायचं नसेल तर एवढं करा. जिथे उभे होतात तिथे काहीतरी खूण ठेवा, दगड रचून ठेवला तरी चालेल. त्याच मोबाइलने, झूम न करता, तिथूनच पुन्हा फोटो काढा, आणि त्या वेळी एखाद्या मच्छीमाराला विनंती करून त्याचा थर्माकोलचा तराफा त्या जागेच्या आसपास न्यायला सांगा. तराफ्याची लांबी टेपने मोजून घ्या. कॅमेरा पाण्यापासून किती उंच होता तेही लिहून ठेवा. मात्र हे त्याच आठवड्यात करा. नाथसागराचा काठ इतका सपाट आहे, की पातळी मीटरभर उतरली की पाणी कुठल्या कुठे मागे सरकतं आणि तुमची खूण कोरड्या रानात राहते.