आमची वाटचाल: पौंडापौंडाचा हिशेब

कोट्झेब्यूला रस्ता जात नाही. अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या जरा वर, तीनेक हजार वस्तीचं हे गाव. माणसं अँकरेजहून विमानाने येतात आणि जड माल उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ वितळला की बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू नावेने. ह्यांना इथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून इथे आलो. शिकारीशी आमच्या घराण्याचा कधी संबंध नव्हता. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे माझ्या पिढीला बंदूक माहीत ती पोलिसांच्या खांद्यावरची. तरीही आज आमचं पोट बऱ्याच अंशी कॅरिबूच्या, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरच्या, शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांवर चालतं.

सुरुवात झाली गॅसच्या डब्यांपासून. ऑगस्ट संपता संपता शिकारी यायला लागतात. त्यांच्याकडे हजारो डॉलरची रायफल असते, भारीतले बूट असतात. पण कॅम्पच्या शेगडीचा गॅस आणि अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा प्रवासी विमानात चालत नाही. त्यामुळे इथे उतरल्या उतरल्या त्यांची गावभर पळापळ. आम्ही उन्हाळ्याच्या बार्जने गॅसचे डबे मागवले आणि घराच्या पडवीत मांडले. मग कुणी शेगडी विसरलेला आला, कुणाचा तंबू अँकरेजलाच राहिलेला. असं करत करत भाड्याने सामान देण्याचं दुकान उभं राहिलं.

या धंद्यातली खरी मेख वजनात आहे, हे वैमानिकांनी शिकवलं. कोट्झेब्यूहून पुढे रानात न्यायला छोटी विमानं असतात. सुपर कब असेल तर वैमानिकाच्या मागे एकच माणूस बसतो. खाली मोठाली फुगीर चाकं, म्हणजे नदीकाठच्या गोट्यांवर किंवा टेकाडाच्या माथ्यावर उतरता येतं. तळ्यावर उतरायचं तर तरंगत्या पायांचं बीव्हर विमान. ते जास्त ओझं घेतं, पण त्याचीही हद्द आहे. म्हणून प्रत्येकाला सामान ठरवून दिलेलं, बहुतेक ठिकाणी माणशी 50 ते 70 पौंड, आणि त्यात तंबू, अन्न, बंदूक, सगळं आलं.

दुकानात छताला टांगता काटा आहे. एकदा टेक्सासचे एक गृहस्थ आले. त्यांनी पोतडी उलटी केली तर निघालं काय? बिडाचा तवा, जीन्सच्या तीन जोड्या, घडीची खुर्ची, दाढीचं अख्खं सामान. जीन्स एकदा भिजली की टुंड्रात ती वाळत नाही, उलट अंगातली ऊब शोषून घेते. मी जीन्स बाजूला काढल्या, त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. तवाही सोडला. खुर्चीवर मात्र अडून बसले. मी म्हटलं, "दादा, खुर्ची न्या, पण मग अस्वलाचं कुंपण इथेच राहील." कुंपण म्हणजे बॅटरीवर चालणारी विजेची तार, तंबूभोवती आणि मांसाभोवती लावायची. वजन चारेक पौंड. खुर्ची राहिली.

खरं ओझं तर परतताना असतं. मोठ्या नराचं वजन साडेतीनशे-चारशे पौंड, सोललं-कापलं तरी हाती शंभर पौंडांवर मांस. आणि अलास्कात खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. मान, बरगड्या, छाती, पुढचे-मागचे पाय, पाठीचं मांस, सगळं आणावं लागतं. नुसती शिंगं विमानात घालून निघता येत नाही. दोन मित्रांनी दोन नर पाडले की विमानाच्या खेपा वाढतात, आणि खेप म्हणजे पैसा. हा हिशेब मी गिऱ्हाइकाला जायच्या आधी कागदावर मांडून देते. काहींना तो आवडत नाही.

पुण्याहून अधूनमधून फोन येतो, "ताई, आम्ही चौघे येतो, एक कॅरिबू जमवा." त्यांना सांगते, अमेरिकेच्या इतर राज्यांतल्या नागरिकाला कॅरिबूसाठी गाईड लागत नाही, पण भारतातून येणाऱ्या परदेशी पाहुण्याला परवानाधारक गाईड घ्यावाच लागतो, आणि त्याने खर्च कित्येक पट होतो. फोन बहुधा तिथेच संपतो. आम्ही गाईड नाही. सामान गावात द्यायचं आणि गावातच परत घ्यायचं, एवढंच आमचं काम. रानात तंबू मांडून ठेवणं हा वेगळ्या परवान्याचा धंदा.

आणखी एक नियम मला मनापासून पटतो. ज्या दिवशी विमानातून उतरलात त्या दिवशी कॅरिबूवर गोळी झाडता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजल्यानंतरच. नाहीतर वरून कळप हेरायचा आणि पुढ्यात जाऊन उतरायचं, त्यात कसली आली पारध?

रानातल्या जेवणाचं खातं माझं. थंडीत माणसाला गरम आणि तुपकट लागतं, वजन मात्र नको असतं. कोरडं अन्न बाजारात मिळतं, पण त्याची चव पुठ्ठ्यासारखी. मी भाजलेलं बेसन, सुका कांदा, तिखट-मीठ असं पिठल्याचं मिश्रण पाकिटात भरायला लागले. उकळतं पाणी ओतलं, घोटलं की झालं. सोबत फोडणीचे कोरडे पोहे. मिनेसोटाचा एक गट दरवर्षी "ते पिवळं" मागतो आणि तिखट वाढवायला सांगतो. गंमत म्हणजे भाड्यापेक्षा यात सुटतं जास्त.

आता अवघड भाग. इथला पश्चिम आर्क्टिक कळप 2003 मध्ये 4,90,000 होता. 2011 मध्ये 3,25,000, 2021 मध्ये 1,88,000 आणि 2023 मध्ये 1,52,000 मोजला गेला. शिवाय कॅरिबू आता दक्षिणेकडे उशिरा उतरतात. पूर्वी सप्टेंबरात कोबुक नदी ओलांडणारे कळप ऑक्टोबर-नोव्हेंबरवर गेले, आणि ऑक्टोबरात नर माजावर आले की त्यांच्या मांसाला वास मारतो. म्हणजे पाहुण्यांची सुट्टी एकीकडे, जनावरं दुसरीकडे.

गावातले इन्युपियाक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आधीपासून सांगत होते की विमानांची घरघर आणि वाटेतले तंबू यांनी कळप बिचकतात. त्यांची रीत अशी, की कळपाच्या म्होरक्यांना आधी जाऊ द्यायचं. ते निर्धास्त पार झाले की मागचे त्याच वाटेने येतात. 2016 मध्ये इथल्या संघीय, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या, जमिनींवर बाहेरच्या शिकाऱ्यांना वर्षभर बंदी आली, पुढे नोआटक नदीच्या भागात पुन्हा. 2024 मध्ये राज्याने स्थानिकांनाही वर्षाला 15 कॅरिबूंची मर्यादा घातली, त्यात मादी एकच. त्याआधी ती दिवसाला 5 होती. बंदीने आमचं बुकिंग आपटलं, हे खरं. तरी माझ्या मते ती बरोबर होती. ज्या शेजारणीच्या फ्रीजमध्ये हिवाळ्याचं मांस नाही, तिच्या समोर उभं राहून मी माझ्या तंबूंच्या भाड्याचं रडगाणं काय गाणार? एका गिऱ्हाइकाने यावरून माझ्याशी फोनवर चांगलंच भांडण काढलं. अनामत परत केली आणि विषय मिटवला.

त्यानंतर दुकानाची घडी बदलली. नोआटक आणि कोबुक नद्यांवर राफ्ट घेऊन जाणारे, कोबुक खोऱ्यातल्या वाळूच्या टेकड्या बघायला येणारे, पक्षी बघणारे, असे लोक वाढवले. त्यांना तंबू तेच, कुंपण तेच, पिठलं तेच. फक्त परतीचं ओझं हलकं. शिकारी अजून येतात, पण कमी. त्यांनी आणलेल्या मांसापैकी जे घरी नेता येत नाही ते गावात द्यायचं असेल तर मालकी बदलल्याचा कागद भरावा लागतो. तो कोरा कागद आता काउंटरवरच असतो, आणि घ्यायला तयार असलेल्या घरांची यादी ह्यांच्याकडे. शाळेतल्या मुलांमुळे कुठल्या घरी आजी एकटी आहे हे त्यांना बरोबर ठाऊक.

यंदापासून कॅरिबूसाठी येणाऱ्याकडून पैसे घेण्याआधी दोन गोष्टी विचारते: एकही जनावर दिसलं नाही तर चालेल का, आणि धुक्यामुळे विमान आलं नाही तर जास्तीचे चार दिवस पुरेल एवढं अन्न घेणार का. दुसऱ्या प्रश्नाला "हो" म्हणायला लोक खळखळ करतात, कारण परत काटा आडवा येतो. मग मी पोह्यांची पाकिटं काट्यावर ठेवून दाखवते.