पतंग म्हणजे कोणता, सर?

आठवीत सरांनी फळ्यावर ‘पतंग’ लिहिलं आणि वर्ग फिस्सकन हसला. उत्तरायण तोंडावर, निम्म्या दप्तरांत फिरक्या. बडोद्यात जानेवारीत या शब्दाला दुसरा अर्थ नसतो.

हा धडा ओढवला माझ्यामुळे. मधल्या सुट्टीत कुंपणाच्या फुलांपुढे हवेत थबकलेलं काहीतरी दिसलं आणि “हमिंगबर्ड! हमिंगबर्ड!” करत मी अख्खी शाळा गोळा केली. सरांनी पाहिलं. म्हणाले, “हमिंगबर्ड बघायचा तर अमेरिकेचं तिकीट काढ. हा कोण, ते दोन दिवस बघून सांग.”

दोन दिवस डबा तिथेच खाल्ला. त्याच कुंपणावर शिंजीर हा चिमुकला पक्षी येई. गुजराती मित्र त्याला शक्करखोरो म्हणत. नर सावलीत काळा ठिक्कर, ऊन पडलं की जांभळा-निळा. हा फांदी घट्ट धरून बसे आणि जास्वंदीच्या बुडाशीच चोच खुपसून मध चोरी. माझा ‘हमिंगबर्ड’ मात्र बसायचं नाव घेईना. जवळून पाहिलं तर चोच कुठली, गुंडाळता येणारी लांब सोंड! डोक्यावर दोन मिशा, पोटाशी सहा पाय. हॉकमॉथ, दिवसा उडणारा पतंग. “एकाला पिसं, दुसऱ्याच्या पंखांवर खवले,” सर म्हणाले, “कूळ वेगळं, धंदा एक.”

पुढे मार्चमध्ये बोगनवेलीवर जुन्या चिंधीसारखं काहीतरी लोंबताना दिसलं. शिंजिराचं घरटं. ते मादी एकटीच बांधते: कोळ्याचं जाळं, गवत, सालीचे तुकडे आणि वर चिकटवलेल्या अळ्यांच्या लेंड्या. “म्हणजे पतंगाच्या पोरांची शी हिच्या भिंतीला?” मी विचारलं. “कुठल्याही अळीची चालते तिला,” सर म्हणाले. वर्गातल्या मुलींनी त्या दिवशी डबे उघडले नाहीत.

वार्षिक परीक्षेत आलंच: ‘फरक स्पष्ट करा: पक्षी व पतंग’. मी ठोकून दिलं, ‘शिंजीर नेहमी बसूनच मध पितो, हॉकमॉथ हवेत थांबून.’ सरांनी ‘नेहमी’खाली लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला. मी भांडलो. सर नुसते हसले, कारण सांगितलं नाही. हा राग मी बरीच वर्षं बाळगला.

गेल्या वर्षी गॅलरीत चहा घेत होतो. शिंजीर आला. कुंडीतल्या फुलाजवळ त्याला पाय टेकायला जागा सापडेना, तेव्हा पठ्ठ्या क्षणभर हवेतच फडफडत राहिला, चोच फुलात. मग उडाला.

चहा निवून गेला. अर्धा गुण बरोबरच कापला होता.