पावसाळा आणि गाढवांचे खूर
आज दिवसभर रिपरिप. नाशिकच्या अशा पावसात गाढवांच्या निवाऱ्यात पहिलं काम खुरांचं. आकड्याने टाचेकडून पुढे कोरायचं, तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करायच्या. काळा, ओला मळ आणि कुजका वास आला की सडायला सुरुवात झाली समजा. नुसतं औषध फासून भागत नाही, उभं राहायला कोरडी जागा हवी. (ती मिळवणंच खरं अवघड.) छाटणी ६ ते १० आठवड्यांनी. हिरवं गवत बेतानं, पोट पेंढ्यावर भरावं.

आणि एखादं चारा सोडून गप्प उभं असेल तर ‘उद्या बघू’ नको, लगेच डॉक्टर! गाढव दुखणं सहसा दाखवत नाही. उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते. जाडजूड गाढवांना धोका जास्त.