कपाटातलं गेंद

रुजू अहवाल दिला, मस्टरवर पहिली सही केली. वनस्पतिशास्त्राचा सहायक प्राध्यापक, मूळ वेतन ५७,७००. नऊ वर्षं तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवलं. मानधन कधी वर्षअखेरीस यायचं, कधी त्याहून उशिरा. पीएच.डी.चं फिल्डवर्क रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीत, एसटीने.

माहितीच्या फॉर्ममध्ये ‘संशोधनाचे विषय’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘जांभ्याच्या सड्यांवरील हंगामी वनस्पती’. क्लार्कसाहेब म्हणाले, “सडा म्हणजे आपल्या सडावाघापूरसारखा ना?” हो, तसाच. उन्हाळ्यात तापलेला उघडा कातळ, माती जेमतेम बोटभर. पाऊस पडला की उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं तीन-चार महिन्यांत उरकायचं. मातीत नायट्रोजन कमी, म्हणून सीतेची आसवं नावाची रोपं जमिनीलगतच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. वायतुरा उरलेलं वर्ष कंदात दडून राहतो. त्याचं शास्त्रीय नाव साताऱ्यावरून, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस; शास्त्राच्या नोंदीत तो आला थेट १९८२ साली. कासचं पठार २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. बाकीचे कितीतरी सडे मात्र अजून ‘पडीक’च समजले जातात, आणि पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला लोक मोकळे. याचा मला फार राग येतो.

दुपारी प्रयोगशाळेतल्या मामांनी एक किल्ली आणून दिली. “सर, हर्बेरियमच्या कपाटाची. जुने सर रिटायर झाले, तेव्हापासून कुणी मागितली नाही.”

हर्बेरियम म्हणजे कागदांवर लावून ठेवलेल्या वाळक्या वनस्पतींचा संग्रह. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला. मी हातमोजे चढवले. कीड लागू नये म्हणून जुन्या नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावत, ते विषारी असतं. काही शीट वाळवीने खाल्ले होते, पण बरेचसे शाबूत होते. एकेक उचलून खिडकीशी नेत होतो. कवला, तेरडा, दवबिंदू. मग गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन. फुलांचे पांढरे गोंडे पिवळट झालेले, पण झुपका मुळासकट नीट दाबलेला. खाली शाईने लिहिलेलं लेबल: पाटण तालुक्यातला एक सडा, सप्टेंबर १९९१. शेवटी एक शब्द, ‘विपुल’.

त्या सड्यावर मी मागच्याच सप्टेंबरात दोन दिवस घालवले होते. पवनचक्क्यांसाठी केलेला रस्ता, बाजूला मुरमाचे ढीग, कातळातल्या डबक्यांत गाळ. गेंदाचा एक गोंडा सापडला नव्हता. पूर्वी तिथे ते होतं की नाही, हेच माहीत नव्हतं, म्हणून वहीत नुसतं ‘आढळलं नाही’ लिहून परतलो होतो. आता समोर पुरावा होता. बराच वेळ मी ते शीट हातात घेऊन उभा राहिलो.

फॉर्म अजून टेबलावरच पडून होता. क्लार्कसाहेबांना विचारून त्याच रकान्यात आणखी एक ओळ लिहिली: ‘जुन्या हर्बेरियम नोंदींच्या जागांची पुन्हा पाहणी’.

परत आलो तेव्हा मामा कपाटाचे कप्पे पुसत होते. ते शीट बघून थांबले. “हे आणायला मीच गेलो होतो सरांबरोबर, पिशव्या धरायला. तेव्हा नवीनच लागलो होतो. पण हे रस्त्याच्या अंगाला नाही सर, पलीकडच्या उतारावर, झऱ्याजवळ. तिकडं पवनचक्की नाय.”

मी त्या बाजूला गेलोच नव्हतो.

रविवारी सकाळी सहाच्या एसटीने दोघांनी निघायचं ठरलं.