जपानी नॉट बॅग: शिवण सोपी, क्रम अवघड

या पिशवीला चेन नाही, बटण नाही. एक बंद आखूड, एक लांब. लांब बंद आखूड बंदातून ओवला की तोंड आपोआप मिटतं आणि पिशवी मनगटात लटकते. शिवण खरंच सोपी आहे. डोकं लागतं ते कुठली टीप आधी मारायची यालाच.

कागदावर आकार काढला आणि माझं अर्धं काम झालं, कारण हे तर बिनबाह्यांचं झबलं! मध्ये गळा, दोन्हीकडे मुंढे (बाहीच्या जागेचे गोल काप), वर दोन खांदे, तेच पुढे बंद होतात, फक्त एक खांदा उंच. माझं माप असं: अंग २५ सेंमी रुंद आणि २२ सेंमी उंच, त्यावर आखूड खांदा १० आणि लांब खांदा २० सेंमी, खांद्याची रुंदी ६ सेंमी. सगळीकडे १ सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, वेगळी. दोन खांद्यांत याहून कमी फरक ठेवू नये, लांब बंद ओवून हातात धरायला पुरत नाही.

सुती कापड आटतं, म्हणून आधी धुऊन इस्त्री केली. वरचं कापड आणि अस्तर, दोन्ही सुलट बाजू आत ठेवून दुहेरी घालून कापली. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांच्या आरशातल्यासारखे निघतात आणि लांब खांद्यासमोर लांब खांदाच येतो. चिकटवायचा कॅनव्हास (कापडाला ताठपणा देणारा थर) मी फक्त अंगाला लावला. बंद मऊच बरे, ताठ बंद नीट ओवला जात नाही.

मग पुढच्या भागाचं कापड आणि अस्तर सुलटावर सुलट ठेवून गळा आणि मुंढे शिवले. खांद्यांची टोकं, बाजू आणि तळ उघडे. मागच्या भागाचंही तसंच. गोलावर साधारण सेंटिमीटरभर अंतराने बारीक काप दिले, टिपेच्या अलीकडेच थांबून. हे काप टाळले तर सुलटं केल्यावर गळा ओढला जातो.

आता खरी गंमत. पुढचा भाग सुलटा केला, मागचा उलटाच ठेवला. मागच्याच्या तळातून, कापड आणि अस्तर यांच्या मधून, पुढचा भाग आत सारला. कापडाला कापड, अस्तराला अस्तर. खांदे वरपर्यंत ढकलून कडेला कड जुळवली आणि खांद्याच्या नळीच्या तोंडाशी गोल फिरून शिवलं. इतक्या अरुंद गोलात मशीनचा पाय नीट फिरत नाही, म्हणून मी सरळ हाताने बारीक टीप घातली. पुढचा भाग ओढून बाहेर काढला, तर खांद्याचा सांधा दोन्हीकडून साफ, माया सगळी आत! कितीतरी जण टोकं आत दुमडून वरून टीप मारतात. चालतं, पण ती टीप दिसत राहते.

बाजू शिवताना कापडावर कापड, अस्तरावर अस्तर आणून कापडाच्या तळापासून अस्तराच्या तळापर्यंत एकच सलग टीप. मुंढ्याच्या सांध्यावर मात्र टाचणी हवीच. दोन्ही तळ शिवले, अस्तराच्या तळाला १० सेंमी फट ठेवली. कोपरे चिमटून ५ सेंमीची आडवी टीप मारली की पिशवीला बूड येतं. फटीतून सगळं सुलटं केलं.

फट मशीनने मिटवू नका, हाताने हेम घाला. ही पिशवी दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि मी तर बऱ्याचदा अस्तरच बाहेर काढून वापरते.